राणीच्या बागेतील ऋतुमान आणि आपल्या बांधावरील झाडे

आपल्या पेडगाव-परभणी भागातील शेतकरी वर्षादोन वर्षांत एकदा तरी मुंबईस जातो. कोणी आप्ताला इस्पितळात दाखवावयास जातो, कोणी नोकरीनिमित्त तेथे राहिलेल्या मुलाकडे जातो, तर कोणी कोर्टकज्जाच्या कामासाठी. काम उरकून एखादा दिवस हाती उरला, म्हणजे मुलाबाळांना घेऊन राणीची बाग पाहून यावे, असा बहुतेकांचा परिपाठ असतो. बाग पाहून आलेल्या माणसास काय पाहिले म्हणून विचारावे, तर तो वाघ, पाणघोडा आणि २०१६ साली आणलेले पेंग्विन यांचे वर्णन करतो. झाडांविषयी विचारले तर म्हणतो, ‘झाडे काय, ती आपल्याकडेही आहेत.’ हे उत्तर अर्धे खरे आहे. तेथील काही झाडे आपल्याकडे नाहीत आणि जी आहेत ती दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणून या बागेत कोणत्या ऋतूत काय पाहावे, त्या झाडापाखरांचे व्यवहार कसे चालतात आणि त्यांपासून शेतकऱ्याने काय घ्यावे, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे. आम्ही वनस्पतिशास्त्राचे पंडित नव्हे. आमची हयात महसुली दप्तरात गेली. परंतु नोंद कशी ठेवावी आणि ती का ठेवावी, एवढे त्या चाकरीने आम्हांस शिकविले, आणि याच दृष्टीने आम्ही ही बाग पाहतो.

बागेचा पूर्ववृत्तांत

ही बाग राजाने हौसेखातर लावलेली नाही, ती शेतीबागायतीच्या एका संस्थेने लावली, ही गोष्ट आपल्या वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावी. पश्चिम हिंदुस्थानची शेतकी व बागायत संस्था, म्हणजे ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी’, हिची पहिली बाग मुंबईत शिवडी येथे होती. परदेशची उपयुक्त झाडे व बियाणी आणून ती आपल्या हवेत कशी येतात ते पाहावे, हा अशा बागांचा हेतू असे. पुढे शिवडीची जागा दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्यास नवी बाग तयार झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती उघडण्यात आली. तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले गेले, म्हणून लोकांच्या तोंडी ती राणीची बाग झाली. संस्थेस खर्च झेपेना, तेव्हा १८७३ साली बाग मुंबईच्या नगरपालिकेकडे आली. १९६९ साली तिचे नामकरण वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे झाले. लोकांच्या जिभेवरची राणी मात्र तशीच राहिली, आणि जिजाबाईंच्या नावामुळे तो शब्द आता अधिकच शोभतो. बागेचे क्षेत्र पन्नास एकरांच्या आसपास आहे. शेजारीच १८७२ साली उघडलेले वस्तुसंग्रहालय आहे, त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे.

परभणीहून मनमाडमार्गे जाणाऱ्या गाडीने दादरास उतरावे, तेथून लोकलने भायखळा स्टेशन गाठावे. स्टेशनाच्या पूर्वेस थोड्या चालीवर बाग आहे. बुधवारी बाग बंद असते, हे आधी ध्यानात ठेवावे, नाहीतर फेरा पडतो. सकाळी दार उघडताच जावे. तेव्हा गर्दी नसते आणि पाखरे बोलत असतात.

वनस्पतिउद्यान म्हणजे काय

शोभेची बाग आणि वनस्पतिउद्यान यांत भेद आहे. शोभेच्या बागेत झाड सुंदर दिसले म्हणजे पुरे. वनस्पतिउद्यानात ते झाड कोण, कोठले, कोणत्या कुळातले, याचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणून तेथील झाडांवर पाट्या लावलेल्या आढळतात. पाटीवर देशी नावाबरोबर एक शास्त्रीय नाव असते. ते वाचून कंटाळू नये. एकाच झाडास कोकणात एक नाव, वऱ्हाडात दुसरे आणि मराठवाड्यात तिसरे असते, त्यामुळे बोलण्यात घोटाळा होतो. शास्त्रीय नाव सगळ्या जगात एकच असते. गट नंबर सांगितला की जमीन कोणती याविषयी वाद राहत नाही, तसाच हा प्रकार समजावा.

माघ ते चैत्र : पानगळ आणि तांबडी फुले

माघ सरता सरता पळस, पांगारा आणि सावर ही झाडे पाने टाकून तांबड्या फुलांनी भरून जातात. ही तिन्ही आपल्या देशाची झाडे असून पळस तर आपल्या शिवारात कोणास ठाऊक नाही असे नाही. परंतु ही फुले तांबडी का, आणि पाने गळाल्यावरच का येतात, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पाखरांना तांबडा रंग दुरून चटकन दिसतो. पाने नसल्यामुळे फूल उघडे राहते. फुलात वास नसतो, परंतु पातळ मध भरपूर असतो. विहिरी आटत चाललेल्या दिवसांत साळुंक्या, पोपट, कोतवाल आणि इवला शिंजीर या मधासाठी फुलांवर येतात. त्यांच्या कपाळास व चोचीस परागकण लागतात आणि ते दुसऱ्या फुलावर पोचतात. झाड मध देते आणि पाखरू पोचवणी करते, असा हा रोखीचा व्यवहार आहे.

याच सुमारास बागेतील विशेष मानकरी पाहावयास मिळतो. त्याचे नाव उर्वशी. हे झाड मूळचे ब्रह्मदेशातले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. वॉलिच यांनी ते विद्वानांच्या नजरेस आणले आणि गव्हर्नर जनरल ॲमहर्स्ट यांच्या पत्नीच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव पडले. रानात ते आता अतिशय दुर्मीळ आहे. लांब देठाला उलटी टांगलेली लाल-पिवळी फुले झुंबरासारखी लोंबतात. याची कोवळी पालवी तपकिरी-गुलाबी असून चिंध्यांसारखी मलूल लोंबते. झाड रोगट आहे अशी नवख्याची समजूत होते, पण तो रोग नव्हे. कोवळ्या पानात हिरवा रंग भरण्याआधी त्यास ऊन सोसत नाही आणि किडीचा उपद्रवही फार होतो. म्हणून पान खाली लोंबते, तांबूस राहते आणि जून होऊ लागले की ताठ व हिरवे होते. आपल्या आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, ती याच जातीची युक्ती होय. बागेतल्या सीताअशोकातही हेच पाहावे. ज्यास आपण दारापुढे अशोक म्हणून लावतो तो उंच सरळ हिरवा अशोक निराळा. खरा अशोक तो सीताअशोक. त्याची फुले केशरी, गुच्छाने येणारी व सुवासिक असतात.

वैशाख-ज्येष्ठ : पिवळा बहावा, जांभळे ताम्हण

उन्हाचा ताप शिगेस पोचला म्हणजे बहावा फुलतो. पिवळ्या फुलांचे हातभर लांब घोस लोंबतात. बहावा फुलल्यापासून दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, असा आपल्याकडे समज आहे. झाडास पुढचे दिसत नाही. दिवसाचे मान आणि उष्मा यांवर त्याचा फुलोरा चालतो. तथापि तारीख लिहून ठेवण्याची सवय लावली, तर दहा-पंधरा वर्षांनी हा समज कितपत खरा हे ज्याचे त्यास कळेल. ज्यांना बहावा बांधावर लावावयाचा असेल त्यांनी एक गोष्ट करावी. याचे बी फार टणक असते. रानात शेंगेचा गर माकडे व कोल्हे खातात आणि बी त्यांच्या पोटातून जाऊन नरम पडते. घरी हे काम आपण करावे : बी एका बाजूस दगडावर घासावे, रात्रभर पाण्यात भिजवावे आणि मग पेरावे.

बहाव्याच्या मागोमाग ताम्हण फुलते. जांभळ्या चुण्या पडलेल्या पाकळ्यांचे हे फूल महाराष्ट्र राज्याचे राज्यपुष्प होय. कोकणात ते नदीनाल्यांच्या काठी आपोआप येते. आपल्याकडे पाण्याच्या सोयीने लावल्यास येऊ शकते.

याच दिवसांत कैलासपतीचे झाड पाहावे. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. त्याची फुले फांद्यांच्या शेंड्यांवर न येता बुंध्यातून निघणाऱ्या देठांवर येतात. फुलाचा मध्यभाग शंकराच्या पिंडीवर फणा धरल्यासारखा दिसतो, म्हणून भाविकांना ते प्रिय आहे. या फुलात परागकेसरांचे दोन जथे असतात. फण्यासारख्या भागातले पराग माश्यांना खाण्यासाठी असतात आणि त्यांपासून बी धरत नाही. खालच्या कड्यातले पराग बी धरण्यासाठी असतात. ते खाणाऱ्या माशीच्या पाठीस चिकटतात. पाहुण्याचे पान निराळे आणि बियाण्याची कणगी निराळी, ही व्यवस्था शेतकऱ्यास सहज समजावी.

आषाढ ते भाद्रपद : गोरखचिंच आणि वटवाघूळ

मृगाच्या सरी झाल्या म्हणजे गोरखचिंचेला पालवी फुटते. हिचा प्रचंड फुगलेला बुंधा पाहून मुले थबकतात. मूळ आफ्रिकेतले हे झाड जुन्या दर्यावर्दी व्यापाराबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले असावे, असे जाणते समजतात. वर्षातले बरेच महिने ते निष्पर्ण उभे असते. त्याचे लाकूड भुसभुशीत असून त्यात पाणी साठते आणि या ठेवीवर ते कोरडे दिवस काढते. फूल पांढरे, मोठे, लांब देठावर लोंबणारे. ते संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी गळून पडते. रात्री उमलणाऱ्या फुलास रंगाचा उपयोग नाही. त्यास उग्र वास असतो आणि त्यावर वटवाघळे येतात. वटवाघूळ अभद्र म्हणून आपण त्यास हाकलतो. परंतु रानातल्या कित्येक झाडांची पोचवणी आणि बियांची पेरणी रात्रीच्या वेळी तोच करतो.

आश्विन ते पौष : पांढरी सुगंधी फुले आणि पाहुणी पाखरे

पावसाळा ओसरल्यावर कोल्व्हिलिया नावाचे मादागास्करचे झाड केशरी घोसांनी फुलते. त्याच वेळी बुचाची फुले पहाटे खाली पडलेली दिसतात. हे बुचाचे झाड आपल्याकडेही रस्त्याच्या कडेने पुष्कळ लावलेले आहे. पांढरे फूल, लांब नळी आणि रात्री दरवळणारा वास ही पतंगांना बोलावण्याची खूण होय. नळीच्या तळाशी मध असतो आणि लांब सोंडेच्या पतंगासच तो मिळतो.

इतके वाचल्यावर वाचकांस एक कुंची मिळाली असे समजण्यास हरकत नाही. तांबडे, बिनवासाचे, दिवसा उमललेले फूल दिसले तर बहुधा पाखरांचे समजावे. पांढरे, सुवासिक, रात्रीचे आणि लांब नळीचे असेल तर पतंगांचे. मोठे, उग्र वासाचे, रात्रीचे असेल तर वटवाघळांचे. पिवळे-निळे, दिवसाचे असेल तर माश्यांचे. अपवाद सापडतील, परंतु बागेत आणि शिवारात दोन्हीकडे ही कुंची पुष्कळ कुलुपांना लागते.

बागेतली पाखरे

पाखरे पाहण्यास पिंजऱ्यापाशीच उभे राहावे असे नाही. मोकळी पाखरे फुकट दिसतात. वड-पिंपळांवर ‘टुक् टुक्’ असा तांबट भांडी ठोकल्यासारखा आवाज येतो, तो तांबट पक्षी. तो मऊ किंवा किडक्या लाकडात भोक पाडून घर करतो. त्याने सोडलेल्या जुन्या ढोलीत दुसरी लहान पाखरे राहतात. म्हणून वाळकी फांदी दिसली की लगेच तोडावी, ही रीत धोक्याच्या जागी ठीक, सर्वत्र नव्हे. पिवळाधमक हळद्या, हिरवे पोपट, साळुंक्या, कोकीळ, घार, आणि तळ्याकाठी वंचक व रातबगळा, ही मंडळी सावकाश बसणाऱ्यास दिसतात.

यांतल्या बहुतेकांची खानावळ म्हणजे वड, पिंपळ आणि उंबर. उंबराचे फूल दिसत नाही असे म्हणतात, याचे कारण फुले फळाच्या आतच असतात. त्यांत शिरून परागाचे काम करणारे एक चिमुकले चिलट असते. बहुतेक जातींचे चिलट निराळे असून ते त्याच जातीच्या फळात वाढते. चिलट गेले तर त्या झाडास बी धरणार नाही आणि झाड गेले तर चिलटास घर उरणार नाही. आणि ही फळे एका झाडावर एका वेळी, दुसऱ्यावर दुसऱ्या वेळी पिकतात, त्यामुळे शिवारात चार-पाच झाडे असली तर पाखरांस वर्षाचा बराच काळ अन्न मिळते. एकच झाड उरले, तर ते पिकेपर्यंत पाखरे उपाशी राहतात किंवा निघून जातात.

परदेशी झाडांविषयी

बागेत परदेशी झाडे पुष्कळ आहेत आणि ती तेथे शोभतात. संग्रहाचे ते कामच आहे. परंतु संग्रहात शोभते ते सगळे शिवारात लावावे असे नाही. मुंबईच्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष मोठ्या प्रमाणावर लावले होते. गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाच्या किडीने त्यांतील पुष्कळ वाळले. एकाच जातीची रांग लावली म्हणजे एका किडीस सगळी रांग मोकळी होते, ही गोष्ट कापसावाल्यांस निराळी सांगावयास नको. शोभेचे म्हणून या देशात आणलेले घाणेरीचे झुडूप तर बागांतून निसटून रानोरान पसरले आणि गुरांच्या चराईवर आले.

मोजणीने वाचलेली बाग

आता या लेखातील मुद्द्याची गोष्ट. २००७ साली प्राणिसंग्रहालयाची मोठी पुनर्रचना करण्याचा आराखडा पुढे आला. त्यात जुन्या झाडांना धोका आहे असे मुंबईच्या काही नागरिकांस वाटले. त्यांत वनस्पतींची आवड असलेल्या महिला पुढे होत्या. त्यांनी नुसती हळहळ केली नाही. झाडे मोजली, त्यांच्या जाती लिहिल्या, लोकांना बागेत फिरवून ती दाखविली आणि ती यादी अधिकाऱ्यांपुढे ठेवली. तीन हजारांहून अधिक झाडे आणि २८६ जाती, असा तो हिशेब होता. पुढे आराखडा बदलावा लागला. नुसते ‘झाडे पुष्कळ आहेत’ असे म्हणणाऱ्याचे म्हणणे दप्तरात टिकत नाही. झाड क्रमांक, जात, जागा आणि घेर लिहिलेला कागद टिकतो. चाकरीत आम्ही हेच पाहिले की ज्याची नोंद आहे त्याविषयी प्रश्न विचारता येतो. ज्याची नोंद नाही ते गेले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या शिवाराकडे या नजरेने पाहावे. बांधावरचे पळस, पांगारा, हिवर, उंबर आणि जुने लिंब गेल्या एका पिढीत किती गेले, याचा आकडा आपल्यापैकी कोणापाशी नाही. वाटणीत बांध अरुंद झाले, नांगरटीस यंत्र आले, सावलीखाली पीक येत नाही म्हणून झाड नकोसे झाले. शेतकऱ्याचे हे म्हणणे खोटे नाही. सावलीत उतारा घटतो. परंतु दुसरी बाजूही मांडावी. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह यांसारखी झाडे आहेत आणि ती तोडण्यास परवानगी लागते. पळस-पांगारा त्या यादीत नाहीत, म्हणून ते विनाचौकशी जातात. आणि माघ-फाल्गुनात मध देणारी झाडे नेमकी हीच. हरभऱ्यातील घाटेअळीवर उपाय म्हणून शेतात पक्षीथांबे उभारावेत, असा सल्ला कृषी विद्यापीठे देतात. कोतवाल, साळुंकी आणि नीलपंख त्या काठीवर बसून अळ्या टिपतात. बांधावरचे झाड तोडावयाचे आणि मग पाखरांसाठी काठ्या रोवावयाच्या, हा उलटा हिशेब होय. पाखरास बसण्यास काठी पुरते. राहण्यास, अंडी घालण्यास आणि पीक नसलेल्या महिन्यांत पोट भरण्यास झाड लागते. उंदीर खाणाऱ्या पिंगळ्यास तर ढोलीवाचून गतीच नाही.

काय करावे

याकरिता नवीन कायदा नको. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. आपल्या गावची वही पंचायतीत पाहण्यास मागावी. ती कोरी किंवा वरवर भरलेली आढळल्यास वाद घालीत न बसता ती भरण्यास हातभार लावावा. रकाने असे असावेत : अनुक्रमांक, गट नंबर, बांधाची दिशा, झाडाचे गावातले नाव, शास्त्रीय नाव, छातीच्या उंचीवर घेर, फुलण्याचा महिना, फळाचा महिना, आणि झाडावर पाहिलेली पाखरे. शास्त्रीय नावाचा रकाना अडला, तर परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील जाणत्यांस पान व फूल दाखवावे. शाळेतल्या मुलांकडे पाखरांचा रकाना सोपवावा. त्यांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते.

पुढे झाड लावताना एकाच जातीची रांग न लावता ऋतूवार निवड करावी. माघासाठी पांगारा, वैशाखासाठी बहावा, पाखरांच्या पोटासाठी उंबर आणि घराजवळ लिंब, अशी चार झाडे प्रत्येकाने विहिरीपाशी, वाटेच्या कडेस किंवा नाल्याकाठी लावली, तर पिकाचे नुकसान जवळजवळ होत नाही. सावली उत्तरेकडे पडेल अशी जागा पाहावी. पहिली दोन उन्हाळी पाणी आणि काट्यांचे कुंपण द्यावे. पुढे झाड आपले आपण पाहते.

राणीची बाग लावणारी संस्था दहा-अकरा वर्षांतच ती सोडून गेली. झाडे मात्र दीडशे वर्षे ओलांडून उभी आहेत, कारण मधल्या काळात कोणी ना कोणी त्यांची मोजदाद करणारा निघाला. आपल्या बांधावरील झाडास पाटी नाही आणि पहारेकरीही नाही. त्यास निदान वहीत एक ओळ मिळावी, एवढीच वाचकबंधूंस विनंती आहे. पौर्णिमेपूर्वी आपापल्या गटातील झाडे मोजून आकडा संस्थेकडे पाठविल्यास गावची यादी जुळविण्याचे काम आम्ही आनंदाने अंगावर घेऊ.